पांढरा पडलेला बंपर

खान्देशात गाडीचे वय आधी रंगावर दिसत नाही, प्लॅस्टिकवर दिसते. चार-पाच उन्हाळे काढलेल्या गाडीचे बॉनेट नीट धुऊन पुसले तर अजून झळकते. पण बंपरची वरची कड, पुढच्या काचेखालची वायपरची जाळी, आरशांची बुडे आणि दारांवरची साइड पट्टी आधी करडी आणि मग पांढरट होत गेलेली असते. मालक म्हणतो, काळा रंग उडाला. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, डाग आहे, निघून जाईल. दोघांचेही निदान चुकते, आणि निदान चुकले की उपायही चुकतो. या भागांवर मुळात रंग दिलेलाच नसतो. काळेपण प्लॅस्टिकच्या अंगात, आरपार असते. बंपर काढून मागून पाहा. जिथे ऊन पोचत नाही तिथे तो कित्येक वर्षांनीही काळाभोर असतो. पांढरा पडला आहे तो फक्त वरचा पातळ थर, आणि तो थर मेलेला आहे. एवढे पटले की त्या बंपरला काय लावायचे आणि काय अजिबात लावायचे नाही, हे ठरवणे सोपे जाते.

आधी उन्हाकडे पाहू. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे 21 अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्यातला पहिला शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात पडतो; दुसरा जुलैत, बहुधा ढगांच्या आड. सूर्य डोक्यावर असला की किरणांना वातावरणातून कमीत कमी वाट कापावी लागते आणि अतिनील किरण गाळले जाण्याचे प्रमाण घटते. त्यात पारा 44-45 अंशांवर. हे तापमानही सावलीतल्या हवेचे. उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचे काळे प्लॅस्टिक 70 अंशांच्या घरात जाते, हात टेकवत नाही. रसायनशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान 10 अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ऊन तेवढेच पडले तरी तापलेले प्लॅस्टिक अधिक झपाट्याने झिजते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारला, तो याच उन्हाच्या भरवशावर.

प्लॅस्टिक आणि रंग उन्हात किती टिकतात हे तपासण्यासाठी जगभरच्या कंपन्या आपले नमुने अमेरिकेत दोन ठिकाणी वर्षानुवर्षे उघड्यावर मांडून ठेवतात. एक दक्षिण फ्लोरिडा, तिथे ऊन आणि दमटपणा आहे. दुसरे अ‍ॅरिझोनाचे वाळवंट, तिथे ऊन आणि कोरडी भट्टी आहे. खान्देशातल्या गाडीच्या वाट्याला हे दोन्ही एकाच वर्षात येते. मार्च ते मे कोरडी भट्टी, जून ते सप्टेंबर दमट ऊन आणि पाऊस. उन्हाने तडकलेला थर पावसाने धुतला जातो, खालचा ताजा थर उघडा पडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही तडकतो.

दिशेचाही हिशेब असतो. उन्हाळ्यात ऊन वरून येते, म्हणून काचेखालची जाळी आणि बंपरची वरची कड यांसारखे आडवे भाग आधी जातात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारभर दक्षिणेकडच्या बाजूवर मारा करतो. एकाच फाटकासमोर, एकाच दिशेला तोंड करून रोज उभी राहणारी गाडी नीट न्याहाळा; तिची दक्षिणेकडची पट्टी उत्तरेकडच्या पट्टीपेक्षा जास्त पांढरी असते. आठवड्याआड गाडी उलटी लावली तर निदान दोन्ही बाजू सारख्या म्हाताऱ्या होतात.

आता प्लॅस्टिककडे वळू. बंपरच्या किंवा पट्टीच्या आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली बारीक अक्षरे सापडतात: पीपी, ईपीडीएम आणि टी, त्यापुढे 10 किंवा 20 असा आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे रबर, थंडीत किंवा धक्क्याने तुकडे पडू नयेत म्हणून मिसळलेले. टी म्हणजे टाल्क, शंखजिरे. ताठपणा यावा म्हणून घातलेली पांढरी भुकटी, आणि आकडा तिचे शेकडा प्रमाण सांगतो. हे शंखजिरे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. पॉलिप्रॉपिलीन 1954 साली मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत नीट घडले; त्या कामासाठी नाट्टा आणि जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांना 1963 चे नोबेल मिळाले. हलके, स्वस्त, साच्यात हवे तसे ओतता येणारे हे प्लॅस्टिक मोटारधंद्याने उचलले नसते तरच नवल. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या आणि खान्देशाने मनापासून आपल्या मानलेल्या गाड्या, 2000 साली आलेली बोलेरो आणि 2002 ची स्कॉर्पिओ, यांच्या अंगावर असे न रंगवलेले प्लॅस्टिक भरपूर असायचे. चोपडा, यावल, शिरपूरच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या काळी-पिवळी गाड्यांना तर छताची सावली फक्त गॅरेजातच मिळते.

आणि हेच पॉलिप्रॉपिलीन जळगावच्या घराघरांत दुसऱ्या रूपात अंथरलेले असते. जळगाव एमआयडीसीतल्या प्रसिद्ध रंगीत चटया याच प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या विणलेल्या असतात. घरात ती चटई वर्षानुवर्षे टिकते. तीच गच्चीवर पापड-कुरडया वाळवायला टाकून उन्हाळाभर तिथेच विसरली, तर पुढच्या वर्षी उचलताना नळ्या तुटतात आणि हाताला रंगीत चुरा लागतो. चटईत जे धडधडीत दिसते तेच बंपरवर सावकाश घडत असते.

असे का होते? पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. तिच्यातल्या एकाआड एक कार्बनला बाजूने एक फांदी फुटलेली असते, आणि अशा फांदीच्या कार्बनला चिकटलेला हायड्रोजन सैल असतो. हीच या प्लॅस्टिकची दुखरी जागा. सूर्याकडून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या 290 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत कार्बनचे बंध तोडण्याइतकी ताकद असते. गंमत अशी की अगदी शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण शोषतच नाही. पण साच्यात ओतताना तापवल्यामुळे त्यात ऑक्सिजनचे काही अणू आधीच घुसलेले असतात, उत्प्रेरकाचे कण उरलेले असतात. किरण शोषतात ते हे. तिथून सैल हायड्रोजन निखळतो, मोकळ्या जागेवर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, तो शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढतो, आणि एकदा पेटलेली ही मालिका आपली आपण चालू राहते. साखळ्या तुटून आखूड होतात. आखूड साखळ्यांचे प्लॅस्टिक ठिसूळ असते. दिवसा फुगणे, रात्री आकसणे यात त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. वरचा थर भुकटी होऊन झडू लागतो आणि आतले पांढरे शंखजिरे उघडे पडते. जुन्या बंपरवर बोट फिरवल्यावर लागणारी पांढरी पूड निव्वळ धूळ नसते. त्यात हे शंखजिरेही असते.

कारखानदारांना हे सारे ठाऊक असते, म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये दोन प्रकारचे राखणदार घालतात. एक प्रकार हिंडर्ड अमाइन या नावाच्या संयुगांचा. साखळी तोडणाऱ्या कणांना ती पकडतात आणि एकदा वापरून न संपता पुन्हा पुन्हा कामाला येतात. तरी वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात त्यांचाही साठा आटतो. दुसरा राखणदार कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी. ती अतिनील किरण पृष्ठभागाजवळच शोषून घेते. काजळीचे सामर्थ्य खान्देशाइतके कुणी जवळून पाहिले नसेल. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी जळगावात पाइपांचा आणि पुढे ठिबक सिंचनाचा जो उद्योग उभा केला, त्याची काळी नळी केळीच्या बागांतून आणि कपाशीच्या रानांतून ऊन सोसत पडलेली असते. ती पॉलिइथिलीनची, म्हणजे बंपरच्या प्लॅस्टिकच्या चुलत घराण्यातली. ती काळी असते यामागे शोभेचा विचार नाही. एचडीपीई पाइपांच्या आयएस 4984 या भारतीय मानकात काजळीचे प्रमाण शेकडा 2.5 च्या आसपास असावे असे स्पष्ट बंधन आहे, आणि ती नीट मिसळलेली आहे की नाही याचीही तपासणी होते. गाडीची करड्या रंगाची पट्टी या सुखाला मुकते. करडेपणा हवा म्हणून तिच्यात काजळी कमी पडते आणि सगळा भार त्या अमाइनांवर येतो. नवी गाडी घेताना रंगाचा विचार दहा वेळा होतो. गाडी उघड्यावरच राहणार असेल तर पट्ट्या काळ्या आहेत की करड्या, हेही एकदा पाहून घ्यावे.

पांढऱ्या पडलेल्या पट्टीवर ओले बोट फिरवा. ती क्षणात काळी होते आणि पाणी सुकले की पुन्हा पांढरी. यात पुढच्या सगळ्या उपायांचे मर्म आहे. सुक्या भेगांत हवा भरलेली असते. प्रकाश प्लॅस्टिकमधून हवेत, हवेतून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये जाताना दर वळणावर विखुरतो आणि विखुरलेला प्रकाश डोळ्यांना पांढरा दिसतो. भेगांत पाणी शिरले की ही उसळी कमी होते, प्रकाश आत जातो आणि काजळी त्याला गिळते. आपली काळी जमीन मे महिन्यात करडी दिसते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळीभोर, ते याच कारणाने. काळेपण गेलेले नसते. भेगांतली हवा ते झाकत असते.

म्हणूनच कोणतेही तेल लावले की बंपर ‘नवा’ होतो. खोबरेल, शेंगदाणा तेल, डिझेल, बूट पॉलिश, बाजारातले चकचकीत सिलिकॉनचे ड्रेसिंग, सगळ्यांचे काम एकच: भेगा भरणे. प्लॅस्टिकची तुटलेली साखळी त्यातले काहीही जोडत नाही. खाद्यतेल उन्हात चिकट होते, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने उडणारी रुई चिकटते, आणि आठवड्यात बंपर आधीपेक्षा वाईट दिसतो. डिझेल तर मुळीच नको. बऱ्याच वॉशिंग सेंटरवर धुलाईच्या शेवटी डिझेलचा फवारा मारण्याची पद्धत आहे. गाडी त्या दिवशी खुलते. पण दारांचे आणि काचांचे रबरी बीडिंग ज्या ईपीडीएमचे असते ते खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते. पुढे पावसाळ्यात दारातून पाणी झिरपते, त्याचा दोष मात्र गाडीला दिला जातो. पाण्यात कालवलेले सिलिकॉनचे ड्रेसिंग त्या मानाने निरुपद्रवी आहे. लग्नाच्या वरातीसाठी किंवा गाडी दाखवायची असेल तेव्हा खुशाल लावा, मात्र ते एक-दोन धुलाईंचे पाहुणे आहे हे धरून चाला. ज्या भागावर पुढे रंग मारायचा आहे त्यावर तेही नको. सिलिकॉनचा अंश उरला की रंग जागोजागी फाटून गोल डाग पडतात. डेंटिंग-पेंटिंगवाले त्याला फिश आय म्हणतात आणि त्याला फार वैतागतात.

टिकाऊ काम करायचे तर पहिला अर्धा दिवस साफसफाईला द्यावा लागतो. पांढरे दिसते ते सगळे उन्हाचे नसते. प्लॅस्टिकच्या दाणेदार पोतात बॉडी पॉलिशचे अंश सुकून बसतात. ते शाळेतल्या साध्या खोडरबराने निघतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार ओघळांच्या आकारात दिसतात. त्यावर पातळ केलेल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून मिनिटभराने पुसा. डाग विरला तर तो क्षार होता, तसाच राहिला तर ऊन. यानंतर शांपूच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पोत खोलवर घासून घ्यायचा, पाणी काळे-करडे येणे थांबेपर्यंत. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायचे. मग एक थेंब पाणी टाकून पाहायचे. उन्हाने झिजलेले स्वच्छ प्लॅस्टिक पाणी धरून ठेवते, थेंब पसरतो. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर समजा जुने ड्रेसिंग अजून आत आहे, पुन्हा घासा. थिनर मात्र आतल्या अक्षरांची ओळख पटल्याशिवाय वापरू नये. पॉलिप्रॉपिलीन थिनरला दाद देत नाही, पण आरशांच्या टोप्या अनेकदा एबीएसच्या आणि हेडलाइटच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात. थिनरने त्यांना भेगा पडतात.

इथून वाटा फुटतात. थर पांढरा आहे पण नखाने खरवडल्यावर पूड येत नाही, अशी पट्टी असेल तर प्लॅस्टिकसाठीचे सिरॅमिक कोटिंग हा माझ्या मते सर्वांत सरस उपाय. ते तेलासारखे ओले राहत नाही; हवेतला ओलावा घेऊन काचेच्या जातीचा कडक, पारदर्शक थर बनवते, भेगा दीर्घकाळ भरून ठेवते आणि धूळ धरत नाही. चार-पाच थेंब स्पंजावर घेऊन आधी आडवे, मग उभे हात फिरवायचे, दाण्यांच्या खाचांत साचलेले जास्तीचे द्रव लगेच मऊ फडक्याने टिपायचे आणि दिवसभर पाणी लागू द्यायचे नाही. टिपायचे राहिले की तिथे चकाकते ठिगळ कायम होते. त्यासाठी हातभर लांबीच्या टप्प्यांनीच पुढे जायचे.

भाग फारच पांढरा असेल, काही ठिकाणी घासटलेला असेल, तर मॅट काळा रंग. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण पॉलिप्रॉपिलीनला काहीच चिकटवून घ्यायला आवडत नाही. नुसता स्प्रेचा डबा मारला तर पहिल्या प्रेशर वॉशला रंगाच्या खपल्या उडतात. उन्हाने झिजलेला थर रंग बरा धरतो, असा अनुभव काही पेंटर सांगतात. ते खरेही आहे, ऑक्सिजन शिरल्याने तो थर रंगाला जवळ करतो. पण तोच थर खालच्या प्लॅस्टिकपासून सुटायला आलेला असतो आणि रंगाला घेऊन निघतो. म्हणून आधी करड्या स्कॉच-ब्राइटने किंवा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने मेलेला थर काढायचा, मग प्लॅस्टिक प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन विरळ हात. प्रायमरमधले क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन एका अंगाने प्लॅस्टिकला आणि दुसऱ्या अंगाने रंगाला धरते. प्रायमरचे पैसे वाचवणारा पेंटर असेल तर काम देऊ नका. रंगाचे हात जाड झाले की पोताचे दाणे बुजतात आणि बंपर रबरी खेळण्यासारखा गुळगुळीत दिसू लागतो. हार्डनर मिसळलेला रंग असेल तर मारणाऱ्याच्या तोंडावर त्या कामासाठीचा मास्क हवाच. नुसता रुमाल चालत नाही.

हीटगनचीही एक युक्ती गॅरेजांत चालते. गरम झोत फिरवला की पांढरेपणा जादूने नाहीसा होतो, कारण पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांना वितळते आणि वरच्या भेगा मिटतात. पण आटलेले राखणदार काही परत येत नाहीत. त्यामुळे तोच भाग पुढच्या उन्हाळ्यात लवकर पांढरा होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोत बसतो, पट्टी वाकडी होते. शेजारचा रंग फुगतो, तापलेली काच तडकते. इंधनाच्या झाकणाजवळ तर हे करूच नये. वापरायचीच तर एकदाच, आणि लगेच वर कोटिंग.

नखाने खरवडल्यावर पूड निघते आणि दाबल्यावर कड तडकते, असा भाग मात्र कोणत्याही लेपाने वाचत नाही. तो बदलावा.

काम कधी करायचे, यालाही खान्देशात महत्त्व आहे. आखाजीला पाहुणे येणार म्हणून एप्रिलच्या दुपारी कोटिंग लावायला घेतले तर द्रव टिपायच्या आत वाळते आणि पट्टे उमटतात. पावसाळ्यात पृष्ठभाग पुरता कोरडा होत नाही. दिवाळी ते संक्रांत हा उत्तम काळ, सकाळची वेळ, गाडी सावलीत आणि प्लॅस्टिक हाताला गार लागेल इतके निवलेले. गाडी वर्षभर उघड्यावरच राहणार असेल तर दर दिवाळीनंतर एकदा पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब गोल राहिनासा झाला की थर पुन्हा द्या. डब्यावर लिहिलेल्या वर्षांवर विसंबू नका, ती गणिते आपल्या मे महिन्यासाठी केलेली नसतात. आणि वॉशिंग सेंटरवर गाडी लावताना किल्ली हातात देण्याआधीच सांगा: दादा, डिझेल मारू नका.